पेटीवरचं नाव

'घे,' असं मी म्हणालो.

एवढाच शब्द. माझ्या बायकोला. भरल्या खोलीत, सगळ्यांच्या समोर. तो कुणी माझ्या तोंडात कोंबला नव्हता. माझाच होता. म्हणून आधी तोच सांगून टाकतो.

चेअरमनसाहेबांच्या बंगल्यात त्यांच्या मुलीचं लग्न होतं. वरच्या खोलीत नवरी आरशासमोर बसलेली. शालननं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला सजवण्याचं काम नुकतंच संपवलं होतं. तिची पत्र्याची पेटी जमिनीवर उघडी होती. पावडरी, पिना, कुंकवाच्या बाटल्या, काजळ. सगळं पुसून ओळीनं लावलेलं. त्या उघड्या पेटीत वहिनीसाहेबांनी, चेअरमनसाहेबांच्या बायकोनं, उभ्यानं एक लुगडं टाकलं. ओलं. हळदीनं माखलेलं. सकाळी नवरीला हळद लावून न्हाऊ घातलं, तेव्हा तिच्या अंगावर होतं ते.

पावडरीचा डबा कलंडला. गुलाबी भुकटी पिवळ्या पाण्यात मिसळली.

'घे गं. तुझ्या हक्काचं आहे,' वहिनीसाहेब म्हणाल्या.

बायका हसल्या. मोठ्यानं नाही. पदराआड हसतात तसं. मी दारात उभा होतो, हातात अत्तरदाणी घेऊन. शालननं लुगड्याकडं पाहिलं नाही. माझ्याकडं पाहिलं.

आणि मी म्हणालो, 'घे.'

आम्ही न्हावी. आमच्याकडची रीत अशी, की लग्नाच्या घरी नवरीला न्हाऊ घालायचं न्हावणीनं. नराणीनं तिची नखं काढायची, तीही न्हावणीनं. आणि अंगावरचं ओलं लुगडं न्यायचं, तेही न्हावणीनंच. माझ्या आईनं, सरूबाईनं, हे काम आयुष्यभर केलं. पेठेतल्या किती नवऱ्या तिच्या हातून गेल्या याचा हिशेब तिलाही नव्हता. वडील हत्यारांची धोकटी काखेत मारून दारोदार हजामती करायचे आणि आई मागच्या दारानं आत जायची. ती लुगडी घरी यायची. आई ती जोडून वाकळा शिवायची. आमच्या घरातल्या वाकळा सगळ्या पिवळ्या. मी परक्या पोरींच्या हळदीखाली झोपून मोठा झालो. पावसाळ्यात वाकळ दमट झाली की वास सुटायचा. शाळेत माझ्या कपड्यांनाही तो यायचा. पोरं म्हणायची, 'ह्येचं रोजच लगीन हाय!' मास्तरही हसायचे.

मी ठरवलं होतं, या वासातून बाहेर पडायचं.

मॅट्रिक झालो. शाहूपुरीतल्या एका सहकारी सोसायटीत क्लार्क म्हणून चिकटलो. चिकटलो कसला, चिकटवला गेलो. आईनं वहिनीसाहेबांच्या पायांना तेल चोळता चोळता माझ्या नोकरीचा विषय काढला होता. त्यांनी चेअरमनसाहेबांना सांगितलं. नोकरी लागली. पहिल्या दिवशी पांढरा शर्ट घालून मी खुर्चीवर बसलो, आणि त्या दिवसापासून त्या बंगल्याचं बोलावणं आलं की उठलो. मंडप असो, पाहुणे असोत, गॅसची टाकी असो.

शालनशी लग्न झालं तेव्हा भटजींनी विचारलं होतं, मुलीचं नाव काय ठेवायचं? ताटात तांदूळ पसरलेले होते. मी ऐटीत म्हणालो, 'आहे तेच राहू दे. शालन.' तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. सुधारक वाटलो होतो मी मला.

शालनची थोरली बहीण इचलकरंजीत. दाजी मागावर कामाला. शालन तिच्या बाळंतपणाला म्हणून गेली आणि तिथं एका बाईच्या हाताखाली शिकून आली. त्या बाईनं राहत्या घराच्या पुढच्या खोलीत पार्लर काढलं होतं आणि कारखानदारांच्या बायका तिच्याकडं यायच्या. भुवया कोरणं, केस कापणं, चेहऱ्याला लेप, नवरी सजवणं. शालनचा हात हलका. परत आली ती डोक्यात योजना घेऊनच.

'गाळा कशाला पायजे?' ती म्हणाली. 'चांगल्या घरातल्या बाया पार्लरची पायरी चढत न्हाईत. लाजत्यात. मग आपुनच जायाचं त्यांच्या घरी. पेटी घिऊन. आत्ती आयुष्यभर गेल्याच की.'

ती माझ्या आईला आत्ती म्हणते. आई चुलीपुढं बसली होती. खूश झाली. 'जा की पोरी. माझी वजरी घिऊन जा. टाचा घासाय असला दगूड पुन्यातबी मिळायचा न्हाय.'

'आनी नाव आत्तींचंच ठेवूया,' शालन म्हणाली. 'सरूबाई. निम्मी पेठ वळखती.'

आई लाजली. 'माझं कसलं नाव! माझ्या नावानं लोक नुसतं न्हाऊ घालाय बोलवत्यात.'

नेमकं तेच मला नको होतं. पण तसं तोंडानं म्हणालो नाही. म्हणालो, 'आधी वहिनीसाहेबांचा सल्ला घेऊ. त्यांच्या महिला मंडळात ओळखी आहेत.'

मी स्वतः घेऊन गेलो तिला. सायकलच्या कॅरियरवर बसवून. वहिनीसाहेब झोपाळ्यावर होत्या. आम्ही उभे. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. वाईट बोलल्या नाहीत. त्या कधीच वाईट बोलायच्या नाहीत.

'कल्पना चांगली आहे की. नाव काय ठेवताय?'

'सरूबाई,' शालननं सांगितलं.

वहिनीसाहेबांनी झोपाळा पायानं थांबवला. 'अगं, सरूबाई म्हटलं की मला माझ्या लग्नातली नराणीच आठवते. नखं काढायला बोलावल्यासारखं वाटेल. कोण आत घेईल?'

'मग शालन,' ती म्हणाली.

'शालन नावाची बाई आमच्याकडं भांड्याला आहे.' त्या हसल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, 'मृणाल ठेवा. मृणाल ब्यूटी सर्व्हिस. चांगल्या घरातलं वाटतं. मी मंडळात सांगते. आणि काळजी करू नका हो, तुमचं मी कुणाजवळ बोलणार नाही. माझ्या पोटात राहील.'

'फार छान नाव आहे,' मी म्हणालो. लगेच. शालनकडं न बघता.

येताना रंकाळ्याच्या कडेनं वारा समोरून होता. मी दम लावून पायडल मारत होतो. मागून ती म्हणाली, 'अवो. लग्नात माझं नाव तसंच ऱ्हाऊ दिलंसा. आता पेटीसाठी बदलाय लागलाय व्हय?'

'धंद्यापुरतं आहे गं.'

'मग मी कोन?'

चढ होता. मी पायडलवर उभा राहिलो. चढाचं निमित्त झालं.

सिनेमाची पोस्टरं रंगवणारा एक पेंटर आमच्या गल्लीत राहायचा. त्याच्याकडून मी पेटीच्या झाकणावर नाव लिहून घेतलं. निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली गुलाबाचं फूल. मृणाल ब्यूटी सर्व्हिस. घरपोच. शाहूपुरीतल्या प्रेसमध्ये हँडबिलं छापली. आडनाव घातलं नाही. 'संचालिका सौ. मृणाल', एवढंच.

मग मी तिला शिकवायला बसलो. आमच्याकडं बाया 'मी येतो, मी जातो' म्हणतात. मी म्हणालो, 'मी येते म्हणायचं. हाय नाही, आहे. न्हाय नाही, नाही.' कुणी कुठल्या म्हणून विचारलं तर मूळच्या पुण्याकडच्या म्हणायचं. जास्त बोलायचं नाही. ती शिकली. भराभर शिकली. मला अभिमान वाटायचा, आणि तिच्या चेहऱ्यावरचं काहीतरी रोज थोडं कमी होत होतं, ते मला दिसत नव्हतं. खरं सांगायचं तर दिसत होतं.

कामं येऊ लागली. वहिनीसाहेबांनी शब्द पाळला. मंडळातल्या बायका बोलवू लागल्या. वजरीनं टाचा घासल्या की विचारायच्या, 'ही परदेशातून मागवलीत का हो, मृणालताई?' शालन घरी येऊन आईला हे सांगायची आणि दोघी पोट धरून हसायच्या. सुरुवातीला हसायच्या.

शाहूपुरीतल्या एका डॉक्टरांच्या बायकोला शालन फार आवडली. काम झालं की ती तिला स्वयंपाकघरात शेजारी बसवून चांगल्या कपातून चहा द्यायची. एक दिवस म्हणाली, 'तुम्ही अगदी आमच्यातल्या वाटता.' शालन घरी आली आणि चूळ भरत बसली.

'काय झालं?' मी विचारलं.

'चा गिळवंना. तो मृणालला दिलता. मला न्हवता.'

मी म्हणालो, 'कप तर चांगला होता ना?' असा मी.

आता बंगल्याचं बोलावणं दोघांना येऊ लागलं. मला मंडपाला, तिला टाचांना. वहिनीसाहेबांचे केस, त्यांच्या नणंदेच्या भुवया, बहिणीच्या मुलीचा साखरपुडा. मोबदल्याची गोष्ट निघायची नाही. वहिनीसाहेब फक्त म्हणायच्या, 'मी कुणाजवळ बोलले नाही हं अजून.' हसून म्हणायच्या. त्या 'अजून'ला धरून आमचं घर चालत होतं. शालनला ताप असला तरी मी सायकल काढायचो.

आणि आई. हे सगळ्यात वाईट. हँडबिलावरचा पत्ता बघून बायका घरी येऊ लागल्या तशी मला भीती बसली. आई अजून पेठेत हळदीला जायची, बाळंतिणींना न्हाऊ घालायला जायची. कुणी ओळखलं तर? मी एक दिवस म्हणालो, 'आई, आता हे बंद कर. आणि कोण आलं तर तू आतच बस.'

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, 'व्हय बाबा. तू म्हनशील तसं.'

जिचा पाय घरात ठरत नव्हता ती बाई मागच्या खोलीत भिंतीला टेकून बसू लागली. बाहेर कुणाचा आवाज आला की खोकलासुद्धा दाबायची. मी पुढच्या खोलीतून ऐकायचो. खोकला दाबल्यावर घशातून येतो तो आवाज.

मग ते लग्न आलं. सोसायटीचे सगळे क्लार्क, शिपाई मंडपात राबत होते. माझ्याकडं अत्तर-गुलाबाचं काम. शालन पहाटेपासून वरच्या खोलीत. नवरी सजली तेव्हा मुलाकडच्या बायका बघायला आल्या. पोरगी खरोखर सुरेख दिसत होती. कुणीतरी विचारलं, 'कुठली हो ही ब्यूटीशियन? पुण्याची?' मी जिन्यात होतो. ऐकलं. छाती फुगली माझी.

तेवढ्यात नवऱ्यामुलाची आजी म्हणाली, 'सगळं झालं, पण रीत राहिली की. तुमच्यात न्हावीण नाही का? नखं कोण काढणार? लुगडं कुणाला देणार?'

वहिनीसाहेब थोड्या गोंधळल्या असाव्यात. व्याह्यांच्या घरची म्हातारी. रीत चुकवून चालणार नव्हतं. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि ती शालनवर थांबली.

'आहे की. ही काय. आमच्या सरू न्हावणीची सून.'

ज्या बाईनं पुण्याची का म्हणून विचारलं होतं, ती आपला हात बघू लागली. त्या हाताला शालननं मघाशी मेंदीचं तेल लावलं होतं.

'पायाच्या करंगळीला नुसती नराणी टेकव. रीत म्हणून,' वहिनीसाहेब म्हणाल्या. 'नखाचा रंग निघू देऊ नको.' मग मोरीतून लुगडं आणवलं, आणि पुढं काय झालं ते मी सुरुवातीलाच सांगितलं. शालननं माझ्याकडं बघितलं तेव्हा वहिनीसाहेबांनीही बघितलं. 'काय हो, सांगा की तिला. तुमच्या आईनं माझ्या लग्नातलं घेतलंच होतं.'

माझ्या डोळ्यांपुढं खुर्ची आली. शाहूपुरीतली, सोसायटीतली. खोटं कशाला सांगू?

'घे,' मी म्हणालो.

शालन उठली. लुगडं तिनं पेटीतून दोन बोटांनी उचललं, घडी केली, आरशापुढच्या स्टुलावर ठेवलं. पेटी बंद केली. झाकणावरचं मृणाल वर आलं. ती म्हणाली, 'माझं नाव शालन हाय. सरूबाईची सून मी, ते खरं हाय. माझं काम झालंय, मी जातो. लुगडं मला नको.'

मी येतो, मी जातो. मी खोडून काढलेलं सगळं त्या खोलीत परत आलं.

ती माझ्या अंगावरून जिना उतरून गेली. पुढच्या दारानं.

आणि मी? मी आत गेलो. हात जोडले. म्हणालो, 'ती लहान आहे. तिच्या वतीनं मी घेतो.' स्टुलावरचं लुगडं मी उचललं. छातीशी धरलं. शर्ट पिवळा झाला. संध्याकाळपर्यंत तसाच अत्तर लावत फिरलो, आणि मग ते सायकलच्या कॅरियरला बांधून घरी घेऊन आलो. जिथं शालन बसायची तिथं.

आई दारात होती. दिवेलागणीची वेळ. कुणी सांगितलं नव्हतं तरी ती बाहेर येऊन बसली होती. तिनं लुगड्याला हात लावला. ओलसर अजून.

'ह्ये तू आनलंस?'

मी मान हलवली.

'मी घेत हुतो,' आई म्हणाली. 'तुझ्या पोटासाठी घेत हुतो. दर बारीला वाटायचं, जिमीन फाटावी. म्हनून तुला शाळंत घाटलं. आनी तू पगार खाऊन ह्ये घेतलंस?'

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. चूल पेटली नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी लुगडं घेऊन बंगल्यावर गेलो. मांडव सोडत होते. पुढच्या दारानं आत गेलो. वहिनीसाहेबांच्या झोपाळ्यावर ते ठेवलं.

'हे परत. आमच्या घरात आता हे येणार नाही.'

'काल घेताना हात कापला नाही तुमचा,' त्या म्हणाल्या.

'कापायला पाहिजे होता.'

चेअरमनसाहेब वर्तमानपत्र खाली ठेवून बाहेर आले. 'अरे, नोकरी कुणामुळं आहे तुझी?'

'आईनं इथं पायांना तेल चोळलं, त्यामुळं,' मी म्हणालो.

घरी आलो तो जिंकल्यासारखा. शालनला सगळं सांगितलं. वाटलं, आता ती बोलेल. ती तांदूळ निवडत होती. वर न बघता म्हणाली, 'त्यांचं लुगडं त्यांना दिलंसा. माझं काय?'

मला कळलं नाही. म्हणजे कळून घ्यायचं नव्हतं. झालं गेलं, असं काहीतरी पुटपुटलो.

आठवड्याच्या आत माझी बदली चंदगडच्या शाखेत झाली. एसटीनं गेलो. पाऊस सुरू झाला होता आणि तिथला पाऊस थांबत नाही. शाखेच्या वरच खोली. भिंतींना ओल, कपड्यांना बुरशी. इकडं कोल्हापुरात मृणालला कुणी बोलवेना आणि शालनला कुणी ओळखेना. डॉक्टरांच्या बायकोनं निरोप धाडला, सध्या गावाला जाणार आहोत. ती गावाला गेली नव्हती.

घरून येताना मी एक वाकळ आणली होती. आईनं शिवलेली. चंदगडच्या ओलीत ती भिजल्यासारखी झाली आणि तो वास सुटला. लहानपणचा. मी ती अंगावरून ढकलली. मग परत ओढली. दुसरं पांघरूण नव्हतं. तसाच पडून राहिलो, आणि एकेक नवरी नव्हे, माझी आईच मला दिसू लागली. प्रत्येक पट्टीला एकेकदा वाकलेली. तिनं ते नाइलाजानं घेतलं. माझा नाइलाज नव्हता. मला खुर्ची होती. वहिनीसाहेबांनी लुगडं टाकलं, पण शालननं ते नाकारल्यावर ते परत आमच्या घरात आणणारा मी होतो. आणि नाव? तेही बंगल्यानं नुसतं सुचवलं. पेटीवर लिहून घेतलं मीच.

रविवारी पहिल्या एसटीनं निघालो.

गल्लीत नळाला पाणी आलं होतं. बायकांची रांग. आमच्या दारात, उघड्यावर, आई बसली होती. पुढ्यात पत्र्याची पेटी, हातात वजरी. ती झाकणावरचं नाव घासत होती. पांढरी अक्षरं गेली होती, गुलाबाचा देठ तेवढा राहिला होता. पत्रा चकाकत होता. शालन शेजारी उभी. पेंटर ब्रश घेऊन बसलेला.

मला बघून पेंटर म्हणाला, 'या पावणं! बरं झालं आलासा. सांगा, काय नाव लिवू?'

'मला इचारू नका,' मी म्हणालो. 'तिला इचारा.'

'सरूबाई आनी शालन,' ती म्हणाली. 'खाली आडनाव. पुरतं लिवा.'

पेंटरनं माझ्याकडं पाहिलं. मी पिशवी खाली ठेवली. नळावरच्या बायकांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलायचं, हे मी एसटीतच ठरवलं होतं. 'घे' मी चारचौघांत म्हणालो होतो.

'शालन,' मी म्हणालो, 'तुझं नाव मी पुसलं. तुझी बोली मी खोडली. आईला मी मागल्या खोलीत कोंडलं. त्या बंगल्यात त्यांनी लुगडं टाकलं, पण घे म्हणालो मी. आणि तू ठेवून आलीस ते उचलून ह्या दारात आणलं, तेबी मीच. तुला माफ कर म्हणायची माझी लायकी न्हाय, तरी मागतो. आई, तुझीबी मागतो. इथून पुढं मला कुणी विचारलं, कुठला, कोण, तर मी सरू न्हावणीचा पोरगा आणि शालनचा नवरा म्हणून सांगणार. साहेबाच्या समोरबी हेच सांगणार. नोकरी गेली तर जाऊ दे. ह्या तोंडातनं परत "घे" येणार न्हाय.'